पुरळ आणि क्षय : एका दडलेल्या रोगाच्या ओळखीचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते, त्यांच्या हाताखाली मी चार इयत्ता शिकलो. पाटीवर पहिले अक्षर त्यांनीच माझा हात धरून गिरवून घेतले. पुढे मराठी भाषा आणि वाङ्मय शिकविण्यात माझे आयुष्य गेले, त्याचे मूळ या शाळेच्या ओसरीवर आहे. त्यामुळे संयोजकांचे निमंत्रण आले तेव्हा नकार देण्याचा प्रश्नच नव्हता.

मराठीचा प्राध्यापक म्हटल्यावर तो संतवाङ्मयावर किंवा सीमाभागातील मराठीवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणार. मी मात्र आज अंगावर उठणाऱ्या पुरळाविषयी आणि क्षयरोगाविषयी बोलणार आहे. मी वैद्य नव्हे. या विषयाकडे मी आलो तो शब्दांच्या वाटेने, आणि त्याआधी माझ्या स्वतःच्या आयुष्यातील एका प्रसंगामुळे. तो प्रसंग आणि त्याचा गुरुजींशी असलेला संबंध मी अखेरीस सांगेन. आधी थोडा इतिहास पाहू.

शब्द पुष्कळ, पण दुवा नाही

त्वचेवर जे जे उमटते त्याला नाव देण्यात मराठी भाषेने कधी कंजुषी केलेली नाही. घामोळे, पुरळ, पुळी, पुटकुळी, फोड, गळू, केसतूड, चट्टा, शिबे, नायटा, गजकर्ण, इसब, खरूज, नागीण, कोड, गोवर, कांजिण्या, देवी अशी ही यादी बरीच लांबविता येईल. यांतील काही नावे आकारावरून पडली आहेत, तर काही नावांमागे श्रद्धा आहे. ‘देवी आल्या’ असे म्हणताना आपण रोगाला घरी आलेल्या पाहुणीचा मान देत असू. तो रोग भारतातून १९७५ मध्ये गेला आणि १९८० मध्ये साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. शब्द मात्र मागे राहिला.

दुसऱ्या बाजूला क्षयाचे शब्द आहेत. राजयक्ष्मा, क्षय, कफक्षय आणि अलीकडचा टी. बी. बोलण्यात तर नावही घेतले जात नाही, ‘तो रोग’ किंवा ‘मोठा आजार’ एवढे म्हटले की ऐकणाऱ्याला कळते. ‘क्षय’ हा शब्द झिजणे या अर्थाच्या धातूपासून आलेला आहे. नावातच झीज असल्यामुळे माणूस झिजून हाडांचा सापळा होईपर्यंत त्याला क्षय झाला असे कोणाला वाटतच नाही. अंगाने बरे असलेल्या मुलाला क्षय असू शकतो, हे आपल्या नावाच्या अर्थातच बसत नाही. रोगाचे नाव कधी कधी रोग उशिरा ओळखण्यासही कारण होते, ते असे.

पुरळाचे शब्द एका कोठारात आणि क्षयाचे दुसऱ्या कोठारात, अशी ही स्थिती आहे. शरीरात क्षय दडून बसलेला असताना त्याची खूण म्हणून त्वचेवर जे पुरळ उठते, त्याला आपल्या भाषेत नाव नाही. त्या दोन कोठारांना जोडणारा जुना शब्द फार तर एकच सापडतो, तो म्हणजे ‘गंडमाळ’. गळ्याभोवती गाठींची माळ होते, त्या फुटतात, वाहतात आणि कातडीवर सुरकुतलेले वण ठेवून जातात. तेथेही गाठ आणि खोकला यांचे नाते लोकांना ठाऊक नव्हते. गंडमाळेवर बिब्ब्याचा नाहीतर तापलेल्या लोखंडाचा डाग दिला जाई. तसे डाग मानेवर असलेली म्हातारी माणसे माझ्या पिढीने या पंचक्रोशीत पाहिलेली आहेत.

राजाचा रोग आणि राजाचा स्पर्श

राजयक्ष्म्याचे वर्णन चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सविस्तर आले आहे. दक्षाच्या सत्तावीस कन्या चंद्राला दिलेल्या होत्या, पण त्याचे मन एकट्या रोहिणीत गुंतले. इतर कन्यांनी पित्याकडे गाऱ्हाणे नेले, दक्ष कोपला आणि चंद्र झिजू लागला. पुढे अश्विनीकुमारांनी त्याला बरे केले. नक्षत्रांच्या राजाला झालेला म्हणून हा राजयक्ष्मा. कथा बाजूला ठेवली तरी त्याखालील निरीक्षण थक्क करणारे आहे. खोकला, खांद्यांत दाह, स्वर बसणे, ज्वर, बरगड्यांत व डोक्यात वेदना, रक्त पडणे, कफ, श्वास, अतिसार आणि अरुची अशी अकरा लक्षणे ग्रंथकाराने मोजून सांगितली आहेत. आजच्या डॉक्टरलाही या यादीत फुप्फुसाचा क्षय सहज ओळखू येईल.

या अकरा लक्षणांत त्वचेचे नाव नाही. मानेच्या व काखेतील गाठींचे, म्हणजे अपचीचे, वर्णन सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ग्रंथी, अर्बुद आणि गलगंड यांच्या जोडीने वेगळ्या अध्यायात येते. एकाच रोगाची दोन रूपे दोन अध्यायांत गेली. याचा दोष प्राचीनांना देण्याचे कारण नाही. डोळ्यांना जेवढे दिसत होते तेवढे त्यांनी प्रामाणिकपणे टिपले. दोहोंच्या मुळाशी एकच जंतू आहे, हे कळण्यास सूक्ष्मदर्शक यंत्राची वाट पाहावी लागणार होती.

युरोपातही स्थिती याहून वेगळी नव्हती. इंग्लंड-फ्रान्समध्ये गंडमाळेला ‘राजाचा रोग’ असे नाव होते, पण कारण निराळे. राजाने हात लावला की ती बरी होते अशी समजूत होती. इंग्रजी भाषेचा प्रसिद्ध कोशकार सॅम्युअल जॉन्सन याला लहानपणी गंडमाळ झाली होती. १७१२ मध्ये, तो अडीच वर्षांचा असताना, आईने त्याला लंडनला नेले आणि राणी अ‍ॅनने त्याला स्पर्श केला. त्या वेळी मिळालेले पदक त्याने जन्मभर गळ्यात बाळगले. गाठी बऱ्या झाल्या नाहीत, वण राहिले. पुढे १७५५ मध्ये ज्याने इंग्रजीतील हजारो शब्दांचे अर्थ लावले, त्याला स्वतःच्या मानेवरील वणांचा अर्थ कळण्याचा काळ मात्र अजून शंभराहून अधिक वर्षे दूर होता.

छत्तीस वर्षांत जुळलेले धागे

तो अर्थ लागला एकोणिसाव्या शतकात, आणि तोही तुकड्यातुकड्याने. पॅरिसच्या रेने लायनेक याने १८१६ मध्ये छाती ऐकण्याची नळी शोधली. क्षयाने मेलेल्या माणसाच्या मणक्यांचे विच्छेदन करताना त्याच्या बोटाला जखम झाली होती आणि त्या जागी गाठीसारखा चामखीळ उठला होता, हे त्याने स्वतःच नोंदवून ठेवले आहे. क्षय बाहेरून त्वचेत शिरू शकतो याचा तो पुरावा होता. लायनेक १८२६ मध्ये क्षयानेच वारला. १८६५ मध्ये व्हिलेमिन या फ्रेंच लष्करी डॉक्टरने क्षयाचा अंश सशांच्या अंगात टोचून दाखविले, की हा रोग आनुवंशिक नसून एकापासून दुसऱ्याला होणारा आहे. त्याचे म्हणणे बऱ्याच काळपर्यंत कोणी मनावर घेतले नाही.

त्याच सुमारास व्हिएन्नात फर्डिनांड हेब्रा हा त्वचारोगांचा अभ्यास करीत होता. काही मुलांच्या पोटावर, पाठीवर, बरगड्यांवर मोहरीहूनही बारीक पुटकुळ्यांचे पुंजके त्याला दिसले. ही मुले बहुधा गंडमाळेची किंवा हाडाच्या क्षयाची असत. पुरळ आणि गाठी एकाच अंगावर वारंवार दिसतात, एवढी गोष्ट त्याने हेरली आणि त्या पुरळाला गंडमाळेवरूनच नाव दिले. पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयातील बाझँ याने स्त्रियांच्या पोटऱ्यांवर येणाऱ्या कठीण, जांभळट गाठींचे वर्णन १८६१ मध्ये केले. तोही अशा स्त्रियांमध्ये गंडमाळेची प्रकृती पाहत होता.

पुढचा दिवस सर्वांना ठाऊक आहे. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख याने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. आजही तोच दिवस जागतिक क्षयरोग दिन म्हणून पाळला जातो. फुप्फुसातील क्षय, मानेतील गाठ, मणक्याचे कुबड आणि त्वचेवरील काही व्रण या सगळ्यांत तोच जंतू सापडू लागला. कोठारे एक झाली असे वाटले, आणि तेथेच एक कोडे उभे राहिले. हेब्राच्या बारीक पुटकुळ्यांत आणि बाझँच्या गाठींत जंतू शोधावा, तर तो सापडत नसे. रोगी क्षयाचा, पुरळ मात्र निर्जंतुक!

हे कोडे ओळखून झाँ दारिए याने १८९६ मध्ये अशा सर्व पुरळांचा एक वर्ग कल्पिला आणि त्याला ‘ट्यूबरक्युलिड’ हे नाव दिले. आपण त्यांना ‘क्षयसूचक पुरळ’ म्हणू. कॉखने १८९० च्या सुमारास गिनीपिगांवर केलेल्या प्रयोगांत या कोड्याची किल्ली होती. एकदा क्षय झालेल्या प्राण्याला तोच जंतू पुन्हा टोचला, तर टोचलेली जागा एक-दोन दिवसांतच लाल होऊन झडते. पहिल्या भेटीत शत्रू ओळखून झालेले शरीर दुसऱ्या भेटीत त्याच्यावर तुटून पडते. माणसाच्या शरीरात खोल कोठेतरी, बहुधा एखाद्या गाठीत, क्षय दबा धरून असतो. तेथून थोडे जंतू किंवा त्यांचे अवशेष रक्तावाटे त्वचेपर्यंत पोहोचतात. शरीर त्यांचा तत्काळ फडशा पाडते. आपल्याला पुरळ दिसते ते या झटापटीचे. जंतू तोवर संपलेले असतात, म्हणून शोधूनही सापडत नाहीत.

हा विचार सर्वांना पटण्यास मात्र पुष्कळ काळ गेला. जंतू दिसत नाही तर याला क्षयाचे पुरळ कसे म्हणावे, असा वाद अनेक दशके चालला. १९९० नंतर जंतूच्या जनुकद्रव्याचा अंश शोधण्याची पद्धत आली, तेव्हा अशा काही पुरळांत तो अंश सापडला आणि दारिएच्या बाजूला बळ मिळाले. हेब्रा आणि बाझँ यांचे अनुमान अशा रीतीने शंभराहून अधिक वर्षांनी खरे ठरू लागले. जुळवाजुळवीचे मुख्य काम मात्र १८६० पासून १८९६ पर्यंतच्या छत्तीस वर्षांतलेच म्हणावे लागेल.

तीन रूपे

या पुरळांची मुख्य रूपे तीन. ती थोडक्यात सांगतो, कारण ऐकून ठेवलेली गोष्ट कधी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही.

पहिले रूप हेब्राने पाहिलेले, मुलांचे आणि तरुणांचे. धडावर बारीक, त्वचेच्याच रंगाच्या किंवा किंचित तांबूस-पिंगट पुटकुळ्यांचे पुंजके येतात. ते दुखत नाहीत, खाज जवळजवळ नसते, आणि म्हणूनच कोणी त्यांची दखल घेत नाही. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते वण न ठेवता जातातही, पण आतला क्षय जात नाही. दुसऱ्या रूपात कोपरे, गुडघे, हातपाय, कधी कान यांवर दोन्ही बाजूंना सारख्या पुळ्या येतात. मध्यभागी काळपट खपली धरते, आणि ती पडल्यावर देवीच्या वणासारखा खोलगट वण राहतो. एक लाट ओसरली की दुसरी येते. तिसरे रूप बाझँचे. ते बहुतेक करून स्त्रियांच्या पोटऱ्यांच्या मागील बाजूस, थंडीच्या दिवसांत जास्त, जांभळट गाठींच्या रूपाने येते. या गाठी कधी फुटून चिघळतात. आपल्याकडे पायाला चिघळलेली जखम म्हटली की पूर्वी ‘नारू’ हाच शब्द आधी तोंडात येई. नारू आता या देशातून गेला आहे, तरी पायाच्या जुन्या जखमेकडे पाहण्याची सवय तीच आहे.

ही पुरळे दुर्मिळ आहेत, हे मी आवर्जून सांगतो. त्वचेवरील क्षयाचे सर्व प्रकार एकत्र धरले तरी ते क्षयाच्या शेकडा रुग्णांत एखाद-दुसऱ्यालाच होतात, आणि ही तीन रूपे त्यांतील एक लहान भाग. तेव्हा घरी जाऊन प्रत्येक पुळीकडे संशयाने पाहू नये. घामोळे हे घामोळेच असते. शिवाय ही पुरळे हात लावल्याने कोणाला होत नाहीत. भिण्यासारखे काही असेल तर ते आत असते, आणि कधी कधी ते शेजारच्या अंथरुणावर असते.

आपल्या परिसरातला क्षय

हा इतिहास व्हिएन्ना-पॅरिसचा झाला. आता दूधगंगेच्या काठी येऊ. इथून पूल ओलांडला की कागल आणि पुढे कोल्हापूर. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, ज्याला आज सर्वजण सी. पी. आर. म्हणतात, स्त्रियांच्या विभागावर १८८६ मध्ये एका तरुण स्त्री डॉक्टरची नेमणूक झाली होती. त्या म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. ११ मार्च १८८६ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. कॉखचा शोध लागून तेव्हा चारच वर्षे झाली होती. आनंदीबाई मायदेशी परतल्या त्या क्षय घेऊनच. कोल्हापूरच्या त्या जागेवर रुजू होणे त्यांच्या नशिबी नव्हते. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षे पुरी होण्याआधीच, पुण्यात त्यांचा अंत झाला. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या १९६८ च्या कादंबरीने ही कथा घरोघरी पोहोचली. आपण ती वाचून हळहळतो. मला तीत आणखी एक गोष्ट दिसते. जंतू सापडला होता, पण त्यावर औषध नव्हते. रोग ओळखूनही डॉक्टरच्या हाती काही नाही, असा तो काळ होता आणि तो पुढे साठ वर्षे टिकला.

त्या काळात मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. मिरजेस वैद्यकीय मिशन उभे करणारे डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे नाव आजही मिरज-सांगलीच्या मध्ये वानलेसवाडीच्या रूपाने टिकून आहे. तेथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात आपल्या भागातील माणसे जात. गावात मात्र कोणी तेथे गेल्याचे सांगत नसत. ‘हवापालटाला गेले आहेत’ असे म्हणत.

आपल्या परिसराची आणखी एक गोष्ट म्हणजे निपाणीची तंबाखू. वखारीत तंबाखू कुटायची, चाळायची, पोती भरायची. धूळ हवेत तरंगत असे आणि नाकातोंडात जाई. वखारीत काम करणारा माणूस खोकणारच, असे सर्वांनी गृहीत धरलेले होते. ‘तंबाखूचा खोकला’ हा आमच्याकडे रोगच नव्हता, तो पेशाचा भाग होता. आणि ज्या खोकल्याला आधीच नाव मिळालेले असते, त्याची तपासणी कोणी करीत नाही.

१९५८ मधील एक प्रसंग

आता मी वचन दिलेला प्रसंग सांगतो.

१९५८ साली मी नऊ वर्षांचा होतो. दोनच वर्षांपूर्वी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, आमचा भाग मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला होता. त्या थंडीत माझ्या पोटावर आणि पाठीवर बारीक पुरळ उठले. आईने लिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ घातली. मग जवळच्या गावातील एका डॉक्टरांनी खरूज म्हणून गंधकाचे मलम दिले. चार महिने ते मलम लावले. वर्गातील मुले माझ्या शेजारी बसेनाशी झाली. गंधकाच्या वासामुळे मला एक टोपणनाव पडले, ते आज सांगण्याची गरज नाही.

गुरुजींनी मला वेगळे बसविले नाही. ते मला आपल्या टेबलाजवळ बसवू लागले, आणि त्यामुळे मी दिवसभर त्यांच्या नजरेसमोर राहिलो. एके दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. वडिलांना म्हणाले, ‘‘पोराला खरूज आहे म्हणता, पण मी त्याला महिनाभरात एकदाही खाजवताना पाहिलं नाही. खाज नाही, मग ही खरूज कशी?’’ लेझीम खेळताना मी लवकर दमतो, संध्याकाळी माझे गाल तापलेले असतात आणि मानेत सुपारीएवढी गाठ हाताला लागते, हेही त्यांनीच सांगितले. गुरुजींना वैद्यकाचे ज्ञान नव्हते. त्यांनी फक्त पाहिले होते, आणि जे दिसायला हवे होते ते दिसत नाही, हेही पाहिले होते.

पुढच्या रविवारी गुरुजी, वडील आणि मी एस. टी. ने कोल्हापूरला गेलो. तेथील एका डॉक्टरांनी अंगावरील पुरळ भिंगातून पाहिले, हाताच्या कातडीत एक बारीक सुई टोचली आणि तीन दिवसांनी पुन्हा बोलावले. तोवर माझ्या हातावर लालभडक गाठ उठली होती. छातीचे क्ष-किरण चित्र काढले. फुप्फुसाच्या मुळाशी गाठी सुजलेल्या होत्या. मग डॉक्टरांनी वडिलांना विचारले, ‘‘घरात कोण खोकतं?’’

वडील म्हणाले, ‘‘कोणी नाही.’’

ते खोटे बोलत नव्हते. गुरुजी क्षणभर थांबले आणि हळूच म्हणाले, ‘‘तात्या.’’

तात्या म्हणजे माझे थोरले चुलते. निपाणीच्या एका वखारीत काम करीत. त्यांना मूलबाळ नव्हते, त्यांचा सारा जीव माझ्यावर. रात्री मी त्यांच्याच कुशीत झोपत असे. गेली दोन वर्षे ते खोकत होते, पण तो तंबाखूचा खोकला होता. डॉक्टरांनी समजावून सांगितले, की मुलाला क्षय होतो तो बहुतेक वेळा घरातल्याच कोणा मोठ्या माणसाकडून. मुलाच्या अंगावरचे पुरळ ही त्या माणसाच्या फुप्फुसाची खबर आहे.

पंधरा दिवसांनी तात्यांचे चित्र काढले. एका बाजूला फुप्फुसात पोकळी झालेली होती.

औषधे तोवर आलेली होती. १९४३ मध्ये अमेरिकेत शाट्झ आणि वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत स्ट्रेप्टोमायसिन सापडले, पाठोपाठ पास आणि १९५२ मध्ये आयसोनायझिड आले. मला दीड वर्ष औषध चालले. सुया दुखत, पासची पूड घशाखाली उतरत नसे, पण दोन महिन्यांत पुरळ नाहीसे झाले आणि मी बरा झालो. तात्यांनाही तीच औषधे सुरू झाली. तीन महिन्यांत त्यांचा खोकला कमी झाला, अंगावर मांस आले. मग वखारीचा हंगाम आला. बरे वाटते आहे तर सुया कशाला, असे म्हणून त्यांनी औषध सोडले. आणखीही एक कारण होते. औषध घेताना कोणी पाहिले, तर वखारीत आणि भावकीत कळेल, याची त्यांना धास्ती होती. १९६१ च्या पावसाळ्यात ते गेले.

गावात आम्ही सांगितले, तात्या दम्याने गेले.

बंधुभगिनींनो, मी पुढे डॉक्टरेट केली, शब्दांच्या अर्थांवर वर्गात तासन् तास बोललो. पण माझ्या मुलांनी जेव्हा जेव्हा तात्यांविषयी विचारले, तेव्हा मीही ‘दमा’ हाच शब्द वापरला. खरा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदा निघाला तेव्हा मी साठी ओलांडली होती. आज या व्यासपीठावरून तो मी दुसऱ्यांदा उच्चारीत आहे. तात्या क्षयाने गेले. तो बरा होण्यासारखा होता.

आज काय बदलले

यानंतरचा इतिहास आशेचा आहे. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या आणि १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले, की घरी राहून औषध घेणारा रोगी आरोग्यधामातील रोग्याइतकाच बरा होतो, आणि त्यामुळे घरच्यांना धोकाही वाढत नाही. मात्र औषध नियमित आणि पूर्ण घेतले पाहिजे. आरोग्यधामांचे युग त्या अभ्यासाने संपविले. १९५९ मध्येच बंगळूर येथे राष्ट्रीय क्षयरोग संस्था निघाली आणि १९६२ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पुढे रिफॅम्पिसिन आले आणि दीड-दोन वर्षांचा उपचार साध्या क्षयासाठी सहा महिन्यांवर आला. तपासणी आणि औषधे सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. उपचार चालू असताना आहारासाठी २०१८ पासून दरमहा ५०० रुपये दिले जात, ती रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाली. रुग्णाच्या घरातील इतरांची तपासणी आणि गरजेप्रमाणे प्रतिबंधक औषध यांचीही सोय आहे. नदीच्या अलीकडे असो वा पलीकडे, या दोन्ही राज्यांत कार्यक्रम एकच आहे.

तरीही जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. औषध आहे, पण ओळख उशिरा पटते आणि नाव उच्चारले जात नाही. १८८७ मध्ये रोग कळत होता आणि औषध नव्हते. आज औषध असून रोग लपविला जातो. आनंदीबाईंच्या काळापेक्षा आपली जबाबदारी मोठी आहे, ती या कारणाने.

या शाळेतील शिक्षकांना माझी एक विनंती आहे. निदान करणे हे आपले काम नव्हे, ते डॉक्टरांचे आहे. पण आठवडेच्या आठवडे न जाणारे, न खाजणारे, मलमाला दाद न देणारे पुरळ दिसले, त्याच्या जोडीला मानेत गाठ, संध्याकाळचा ताप किंवा घटणारे वजन असेल, तर त्या मुलाला बाकावरून उठवून दूर बसवू नका. जवळ बसवा, पाहा, आणि त्याच्या घरी जा. घरात कोण खोकते हे विचारा, आणि ‘कोणी नाही’ हे उत्तर आले तर थोडे थांबा.

गुरुजींनी मला शिकविलेले पुष्कळ धडे मी विसरलो. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्या अंगावरील पुरळ वाचले नसते, तर इतर धडे आठवायला मी उरलो नसतो. त्यांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.